मराठी टिप्पणीमुळे बंद पडलेला इंटरप्रीटर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने, जो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो, मला त्याने लिहिलेला एक प्रोग्रॅम दाखवला. सी भाषेत लिहिलेल्या सुमारे चारशे ओळींचा तो ब्रेनफक या भाषेचा इंटरप्रीटर, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, होता. "मामा, तू ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडचा जसा रिव्ह्यू करतोस, तसाच याचा कर ना," असे तो म्हणाला. मी दहा मिनिटे वरवर नजर फिरवली, 'झकास जमले आहे, वाचायला मजा आली' असा शेरा लिहिला आणि कोड मंजूर केला. ऑफिसात चारशे ओळींच्या सी कोडला मी इतक्या सहज कधीच मान्यता दिली नसती. पण ही गमतीची भाषा होती, आणि गमतीच्या गोष्टीत चुका शोधत बसणे म्हणजे मुलाच्या उत्साहावर पाणी ओतणे, असे मला त्या वेळी खरोखर वाटले होते.

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्रेनफक ही भाषा उर्बान म्युलर यांनी 1993 मध्ये अमिगा संगणकासाठी तयार केली. नाव सभ्य नाही, पण तेच रूढ झालेले असल्यामुळे मी तेच वापरतो. शक्य तितका लहान कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) लिहिता यावा हा त्यांचा हेतू होता आणि त्यांचा एक कंपायलर अवघ्या 240 बाइटांत बसला. भाषेत फक्त आठ आज्ञा आहेत आणि प्रत्येक आज्ञा एका चिन्हाची आहे. समोर 30,000 कप्प्यांची एक लांब पट्टी आहे अशी कल्पना करा. > आणि < या चिन्हांनी आपण पट्टीवर उजवीकडे आणि डावीकडे सरकतो, + आणि - यांनी चालू कप्प्यातली संख्या एकाने वाढते किंवा कमी होते, पूर्णविरामाने ती छापली जाते, स्वल्पविरामाने बाहेरून एक बाइट (0 ते 255 मधली एक संख्या) वाचला जातो आणि [ ] या कंसांनी चालू कप्पा शून्य होईपर्यंतची आवर्तने लिहिता येतात. एवढ्या साधनांत, पट्टीच्या लांबीची मर्यादा सोडली, तर कोणतीही गणना मांडता येते. या आठ चिन्हांखेरीज फाइलमध्ये जे काही असेल ते टिप्पणी समजून सोडून द्यायचे, असा नियम आहे.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. त्याने एका प्रोग्रॅमच्या वर, तो प्रोग्रॅम काय करतो हे सांगणाऱ्या दोन ओळी मराठीत लिहिल्या होत्या आणि त्यानंतर इंटरप्रीटर सुरू होताच कोसळू लागला होता. इंग्रजी टिप्पणी लिहिली की सगळे व्यवस्थित चालत असे. त्याहून विचित्र बाब अशी की होस्टेलवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तोच प्रोग्रॅम, त्याच मराठी ओळींसह, कोसळत नव्हता. "मामा, मराठी लिहिल्यामुळे असे कसे होईल?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या चारशे ओळींत, मी मंजूर केलेल्या कोडमध्ये, साठाव्या ओळीच्या आसपास स्पष्ट दिसत होते.

त्याने 256 घरांचे एक कोष्टक केले होते. फाइलमधून आलेला प्रत्येक बाइट हा त्या कोष्टकाचा क्रमांक, आणि त्या घरात त्या बाइटसाठी चालवायच्या फंक्शनचा (प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या तुकड्याचा) मेमरीतला पत्ता, अशी ती रचना होती. रचना चांगलीच होती. पण बाइट साठवायला त्याने सी भाषेतला साधा 'कॅर' (char) प्रकार वापरला होता. हा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही हे सी भाषेने कंपायलरवर सोपवले आहे. इंटेल पद्धतीच्या लॅपटॉपवर तो सहसा ऋण संख्या धरतो, तर रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये धरत नाही. इंग्रजी अक्षरांचे बाइट 128 च्या खाली असल्यामुळे दोन्हीकडे फरक पडत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते आणि ते तिन्ही बाइट 128 किंवा त्याहून मोठे असतात. पहिला बाइट 224 असतो. लॅपटॉपवर त्या 224 चा अर्थ, त्यातून 256 वजा होऊन, उणे 32 असा लागला, आणि इंटरप्रीटर कोष्टकाच्या सुरुवातीच्या मागे बत्तीस घरे जाऊन तेथे जे काही पडले होते त्याला फंक्शनचा पत्ता समजून तिकडे उडी मारू लागला. ही चूक बँकेच्या प्रणालीत सापडली असती तर तिला गंभीर सुरक्षा-दोष म्हटले गेले असते. येथे ती तशीच्या तशी होती. फरक एवढाच की मी ती पाहिली नाही, कारण भाषेचे नाव वाचूनच मी माझी नजर सैल सोडली होती.

त्या दिवसापासून मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत आता पक्के आहे. गमतीच्या भाषेसाठी लिहिलेल्या कोडला पूर्ण, गंभीर रिव्ह्यू मिळायला हवा. भाषेतली गंमत ही तिच्या नियमांत असते. ते नियम चालवणारा इंटरप्रीटर मात्र खऱ्या मेमरीत, खऱ्या प्रोसेसरवर चालतो, आणि त्या प्रोसेसरला हे कोड हौसेखातर लिहिले आहे की पगारासाठी, याचा पत्ता नसतो.

मी भाच्याला सांगून दुसरा रिव्ह्यू केला. या वेळी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. पहिल्या कप्प्यावर असताना < आले तर काय करायचे याचा विचार त्याने केलेला नव्हता, त्यामुळे पट्टीच्या आधीच्या मेमरीत लिहिणे शक्य होते. हे कोणालाही सुचेल असे होते. पण मला सर्वांत जास्त शिकवले ते त्याने केलेल्या एका सुधारणेने. ब्रेनफकमध्ये गुणाकार करण्यासाठी [->++<] असे आवर्तन लिहितात. चालू कप्पा एकेकाने कमी करत जायचे आणि प्रत्येक फेरीला शेजारच्या कप्प्यात दोन मिळवायचे, असा त्याचा अर्थ आहे. असे आवर्तन ओळखून त्याच्या जागी एकाच झटक्यात 'शेजारच्या कप्प्यात दुप्पट मिळवा आणि चालू कप्पा शून्य करा' असे करणे ही या क्षेत्रातली सर्वमान्य युक्ती आहे आणि त्याने ती स्वतः शोधून काढली होती. आता [-<+>] हे आवर्तन पट्टीच्या अगदी पहिल्या कप्प्यावर, तो कप्पा शून्य असताना, आले असे समजा. मूळ भाषेच्या नियमानुसार कप्पा शून्य असल्यामुळे आवर्तनात शिरायचेच नाही, म्हणून डावीकडे सरकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि प्रोग्रॅम पूर्णपणे वैध आहे. सुधारलेला इंटरप्रीटर मात्र पट्टीबाहेरच्या, अस्तित्वात नसलेल्या कप्प्यात शून्य मिळवायला जातो. शून्य मिळवल्याने किंमत बदलत नाही हे खरे, पण ते मिळवण्यासाठी मेमरीतल्या त्या जागेला हात लावावा लागतो. शिवाय त्याने सीमा तपासणारी ओळ नंतर घातली, तेव्हा हाच वैध प्रोग्रॅम 'पट्टीबाहेर गेलात' अशी चुकीची तक्रार करू लागला. मोठ्या कंपायलरांच्या ऑप्टिमायझेशनमध्ये (प्रोग्रॅम जलद करण्याच्या सुधारणांत) हाच प्रकार, म्हणजे जे काम मूळ प्रोग्रॅम कधी करणारच नव्हता ते आधीच करून टाकणे, वर्षानुवर्षे दोषांचे मूळ ठरलेला आहे. तो दोष आठ आज्ञांच्या भाषेत जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र मला कधी दिसला नव्हता.

दुसरा मुद्दा इनपुट संपल्यावर काय करायचे याचा होता. वाचायला काहीच उरले नसेल तर काही इंटरप्रीटर कप्प्यात शून्य ठेवतात, काही उणे एक ठेवतात आणि काही कप्पा आहे तसाच सोडतात. आले ते छापत राहणारा ,[.,] हा पाच चिन्हांचा प्रोग्रॅम पहिल्या पद्धतीत योग्य जागी थांबतो. दुसऱ्या पद्धतीत उणे एक हा आठ बिटांच्या कप्प्यात 255 होतो, 255 म्हणजे शून्य नव्हे, आणि प्रोग्रॅम अनंत काळ तोच बाइट छापत राहतो. भाच्याच्या इंटरप्रीटरमध्ये दुसरी पद्धत होती, पण ती त्याने निवडली नव्हती. सीच्या फंक्शनने जे परत दिले ते कप्प्यात कोंबल्यामुळे ती आपोआप आली होती. रिव्ह्यूमध्ये मी त्याला एकच प्रश्न विचारला: हा तुझा निर्णय आहे की अपघात? कोणत्याही रिव्ह्यूमध्ये विचारण्यासारखा याहून महत्त्वाचा प्रश्न मला माहीत नाही.

येथे एक आक्षेप मी स्वतःच माझ्यासमोर मांडला होता आणि तो खोडून काढायला मला वेळ लागला. ज्या भाषेचा हेतूच माणसाला छळण्याचा आहे, तिच्यात चूक कशाला म्हणायचे? इंटरकॅलचे उदाहरण घेऊ. डॉन वुड्स आणि जेम्स लायन या प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी 1972 मध्ये ही भाषा रचली. तिच्यात पुरेशा विधानांपूर्वी 'प्लीज' म्हटले नाही तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो आणि फार वेळा म्हटले तर लाळघोटा म्हणून नाकारला जातो. 1990 मध्ये एरिक रेमंड यांनी सी-इंटरकॅल या नावाने तिचा नवा कंपायलर लिहिला. त्या कंपायलरमध्ये कधीही, विनाकारण, यदृच्छेने घडणारा एक 'कंपायलर बग' मुद्दाम घातलेला आहे. मग अशा कोडचा रिव्ह्यू करणाऱ्याने करायचे तरी काय?

माझे उत्तर असे की त्याने विनोदाला विनिर्देश (भाषेने कसे वागावे हे सांगणारे नियम) मानावे आणि मग त्या विनिर्देशाशी कोड ताडून पाहावे. विनम्रतेची मर्यादा ठरवायची असेल तर अगदी सीमेवरच्या प्रोग्रॅमचे काय होते, हे टेस्टमध्ये असले पाहिजे. यदृच्छेने येणारा बग मुद्दाम घातलेला असेल तर त्याला स्वतःचा वेगळा क्रमांक हवा, म्हणजे खऱ्या बगशी त्याची गल्लत होणार नाही, आणि चाचणीच्या वेळी तो बंद करण्याची सोय हवी. सी-इंटरकॅलमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. त्या बगला 774 हा क्रमांक दिलेला आहे आणि तो घडू नये यासाठी कंपायलरला देण्याचा एक पर्यायही आहे. जाणूनबुजून केलेला वेडेपणा आणि नजरचुकीने झालेला वेडेपणा यांतला फरक ज्यांनी इतक्या काळजीने राखला, त्यांनी आपल्या गमतीचा सन्मान केला असे मी म्हणेन. याच कंपायलरमध्ये संख्या वाचताना एकेक अंक शब्दांत लिहावा लागतो, आणि इंग्रजीबरोबर ज्या अन्य भाषा तो स्वीकारतो त्यांत संस्कृतही आहे. रोमन लिपीत 'शून्य' कसे लिहिलेले स्वीकारायचे, 'पञ्च' घ्यायचे की 'पञ्चन्', 'षट्' की 'षष्', हे ठरवायला संस्कृत जाणणारा रिव्ह्यूअरच हवा. येथे आपल्यापैकी कितीतरी जणांना, प्रोग्रॅमिंगमध्ये नवखे असतानाही, मोलाची टिप्पणी करता येईल.

विनिर्देश आणि कोड यांत तफावत निघाली तर चूक कोणाची, हाही प्रश्न गमतीच्या भाषांत फार टोकदार होतो. बेन ओल्मस्टेड यांनी 1998 मध्ये मॅलबोल्ज ही भाषा, प्रोग्रॅम लिहिणे जवळजवळ अशक्य व्हावे याच हेतूने, तयार केली. ती इतकी अवघड ठरली की तिच्यातला पहिला 'हॅलो वर्ल्ड' (एवढेच शब्द छापणारा, भाषा शिकताना सर्वांत आधी लिहितात तो प्रोग्रॅम) दोन वर्षांनी आला, आणि तोही माणसाने लिहिलेला नव्हता. अँड्रयू कुक यांनी लिहिलेल्या एका शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमने तो हुडकून काढला. या भाषेच्या मूळ इंटरप्रीटरचे वागणे आणि तिचा लिखित विनिर्देश एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. मेमरीत 33 ते 126 या मर्यादेबाहेरची किंमत चालवायची वेळ आली की इंटरप्रीटर थांबतो. लोकांनी हा इंटरप्रीटरमधला दोष मानला, पण ओल्मस्टेड यांनी ते वागणे हेतुपुरस्सर असल्याचे आणि चूक विनिर्देशात असल्याचे सांगितले. एखाद्या सोबत्याने प्रकाशनापूर्वी दोन्ही शेजारी ठेवून वाचले असते, तर हा घोळ बहुधा तेव्हाच मिटला असता.

संस्कृत काव्यशास्त्र वाचलेल्यांना हा सगळा प्रकार अनोळखी वाटणार नाही. भारवीच्या 'किरातार्जुनीय' या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात चित्रकाव्याचे, म्हणजे अक्षरांच्या कसरतींवर बेतलेल्या काव्याचे, अनेक नमुने आहेत, आणि त्यातला एक श्लोक, शेवटचा तकार वगळता, केवळ 'न' या एकाच व्यंजनावर रचलेला आहे. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची प्रतवारी लावताना चित्रकाव्याला सर्वांत खालचे स्थान दिले. तरीही मल्लिनाथाने या महाकाव्यावर टीका लिहिताना हा सर्ग गाळला नाही. बाकीच्या सर्गांप्रमाणेच त्यातल्या श्लोकांचाही पदच्छेद आणि अन्वय लावून दाखवला. कवीने स्वतःवर घातलेले बंधन कितीही कृत्रिम असले, तरी त्या बंधनात अर्थ खरोखर बसतो की नाही, हे तपासणे टीकाकाराचे काम आहे, अशी ती भूमिका आहे. मला ती रिव्ह्यूअरची भूमिका वाटते.

अर्थात, गंभीर म्हणजे यांत्रिक नव्हे. ऑफिसातली तपासणीची यादी जशीच्या तशी घेऊन अशा कोडवर चालवणे हा आळसाचाच एक प्रकार आहे. व्हाइटस्पेस या भाषेच्या बाबतीत तर ते सरळ घातक ठरेल. एडविन ब्रॅडी आणि ख्रिस मॉरिस यांनी डरहॅम विद्यापीठात असताना तयार केलेली ही भाषा 1 एप्रिल 2003 रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही तीनच अर्थपूर्ण चिन्हे आहेत, आणि दिसणारी सगळी अक्षरे म्हणजे टिप्पणी. बहुतेक रिव्ह्यूच्या साधनांत रिकाम्या जागेतले बदल लपवण्याची सोय असते आणि आपल्यापैकी बरेच जण ती चालू ठेवतात. व्हाइटस्पेसमधला संपूर्ण प्रोग्रॅम बदलला तरी अशा साधनात 'काहीही बदल नाही' असे दिसेल. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आपोआप पुसणारा एडिटर तर प्रोग्रॅमच पुसून टाकेल. आपण समोरचे कोड खरोखर वाचतो की साधनाने दाखवलेली त्याची प्रतिमा वाचतो, हा प्रश्न मला पहिल्यांदा या भाषेमुळे पडला. याच ब्रॅडी यांनी पुढे इड्रिस ही भाषा निर्माण केली, जिच्यात प्रोग्रॅमच्या अचूकतेची सिद्धता माहितीच्या प्रकारांच्या (टाइप्सच्या) आधारे मांडता येते. खेळकर भाषा आणि अतिशय काटेकोर भाषा एकाच माणसाच्या हातून झाल्या, यात मला काही विसंगत वाटत नाही.

गंमत समजून सोडून दिलेली गोष्ट पुढे कोठे जाऊन पोहोचते, याचेही एक उदाहरण द्यायला हवे. जेएसफक नावाच्या लेखनपद्धतीत जावास्क्रिप्टचा कोणताही प्रोग्रॅम [ ] ( ) ! + या सहा चिन्हांत लिहिता येतो. पाहणाऱ्याला तो निव्वळ खेळ वाटतो. फेब्रुवारी 2016 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरच्या वस्तूच्या वर्णनात घातलेल्या स्क्रिप्टमधली अक्षरे आणि अंक गाळणाऱ्या चाळणीतून या पद्धतीने लिहिलेला कोड सहज पार होतो. चाळणी लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते की अक्षरांशिवाय कोड असू शकत नाही. हा खेळ ज्यांनी मन लावून तपासला होता, त्यांना ते गृहीतक खोटे आहे हे आधीच ठाऊक होते.

वेळेचा मुद्दा खरा आहे, हे मी नाकारत नाही. मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये आयबीएममधल्या अनुभवावर आधारित तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली, तेव्हापासून हे काम मन आणि तास खाणारे आहे हे सर्वांना माहीत आहे. नोकरीच्या वेळात हौशी कोड तपासावे असे मी म्हणत नाही. पण कोणी विश्वासाने आपले कोड समोर ठेवले आणि आपण 'हो' म्हटले, तर ते अर्धवट करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. वेळ नसेल तर तसे सांगावे. मी भाच्याला तसे सांगितले नाही. मी वाचल्यासारखे केले, आणि त्याने माझ्या शेऱ्यावर विसंबून तो इंटरप्रीटर मित्रांना वाटला. याची मला आजही खंत आहे.

कोष्टकाची चूक दुरुस्त झाल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. मराठी टिप्पणी आता चालत होती, आउटपुट पडद्यावर बरोबर दिसत होते, तरीही अपेक्षित फाइलशी तुलना करणारी टेस्ट नापास होत होती. आम्ही फाइलचे बाइट मोजले तेव्हा सुरुवातीला दोन जास्तीचे, न दिसणारे शून्य बाइट निघाले. त्याच्या टिप्पणीत दोन वाक्ये होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम होता. ब्रेनफकमध्ये पूर्णविराम ही छापण्याची आज्ञा आहे, आणि सुरुवातीला पहिल्या कप्प्यात शून्य असते. त्याच ओळी हिंदीत लिहून शेवटी दंड दिला असता तर काहीच झाले नसते. मराठीने छापील पूर्णविराम स्वीकारलेला असल्यामुळे आपल्या वाक्यांचा शेवट या भाषेत आज्ञा होऊन बसतो. "म्हणजे हा बग आहे का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो की नाही, या वेळी इंटरप्रीटर अगदी बरोबर वागतो आहे, भाषेने जे सांगितले तेच तो करतो आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीची टिप्पणी [ ] या कंसांत ठेवायची जुनी रीत आहे, कारण तेथे कप्पा शून्य असल्यामुळे कंसातले काहीच चालत नाही. ती रीत मी त्याला दाखवली.

त्याने आपल्या प्रोग्रॅममधली टिप्पणी कंसांत हलवली. इनपुट संपल्यावरच्या तिन्ही पद्धतींसाठी पर्याय दिले, शून्याची पद्धत मूळ धरली आणि तसे माहितीच्या फाइलमध्ये लिहून ठेवले. मूळच्या दोन मराठी ओळीही त्याने टाकून दिल्या नाहीत. टेस्टच्या फोल्डरमध्ये आता त्यांची एक वेगळी फाइल आहे. तिच्यात कंस नाहीत, दोन वाक्ये आहेत, दोन पूर्णविराम आहेत, आणि अपेक्षित आउटपुट म्हणून दोन शून्य बाइट नोंदवलेले आहेत.